हे घर कधीचं? मिडवेस्टमधल्या लहान गावातल्या जुन्या घराचा इतिहास शोधताना

आयोवा, इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन या राज्यांतल्या लहान गावांत शंभर-सव्वाशे वर्षांची लाकडी घरं अजून उभी आहेत आणि मोठ्या शहरांच्या मानाने ती स्वस्तही मिळतात. कॉलेजात शिकवायला, गावच्या हॉस्पिटलात किंवा जवळच्या कारखान्यात काम करायला गेलेली आपली मराठी मंडळी अशी घरं घेतात. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कधीचं?" उत्तर म्हणून विक्रीच्या जाहिरातीतला आकडा सांगितला जातो. बहुतेक वेळा तो १९०० असतो.

त्या १९०० वर विश्वास ठेवू नका. काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, असेसर कर आकारण्यासाठी प्रत्येक घरासमोर बांधकामाचं साल लिहितो. जुन्या घरांचं साल ठाऊक नसेल तिथे अंदाजाने गोल आकडा टाकलेला असतो आणि पुढे तोच सगळीकडे उतरत जातो. खरं साल १८७८ निघू शकतं, १९१२ ही निघू शकतं. मी एकच नियम पाळतो: कागद आणि लाकूड या दोघांनीही एकच सांगितलं, तरच साल लिहायचं. एकाच साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही.

या लेखात अधूनमधून एका प्रसिद्ध घराचा दाखला घेणार आहे. आयोवाच्या आग्नेय भागात, वापेलो काउंटीत एल्डन नावाचं हजाराहून कमी वस्तीचं गाव आहे. तिथे चार्ल्स डिबल नावाच्या माणसाने १८८१-८२ मध्ये एक छोटं पांढरं घर बांधलं. ऑगस्ट १९३० मध्ये चित्रकार ग्रँट वुडला ते दिसलं आणि त्याच्या 'अमेरिकन गॉथिक' या चित्रात ते कायमचं जाऊन बसलं. हे घर प्रसिद्ध झालं म्हणून त्याचा इतिहास नीट तपासला गेला. तुमच्या घराचा तुम्हालाच तपासावा लागेल, पण रस्ता तोच आहे.

पत्ता बाजूला ठेवा

सुरुवात घराच्या पत्त्याने करू नका. गावांनी रस्त्यांची नावं बदलली आहेत, घरांचे क्रमांक नव्याने दिले आहेत, आणि अनेक लहान गावांत विसाव्या शतकापर्यंत घरांना क्रमांकच नव्हते. न बदलणारी गोष्ट म्हणजे जमिनीचं कायदेशीर वर्णन. खरेदीखतावर किंवा असेसरच्या वेबसाइटवर ते मिळतं. गावातल्या घरासाठी ते 'लॉट ४, ब्लॉक ७, अमुक ॲडिशन' (ॲडिशन म्हणजे गावाला जोडलेली वस्ती) असं असतं, तर शेतावरच्या घरासाठी 'सेक्शन २७ चा नैर्ऋत्य पाव भाग, टाउनशिप ७१ नॉर्थ, रेंज १२ वेस्ट' अशा धर्तीचं.

ही भाषा १७८५ च्या जमीन कायद्यातून आली. त्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन चौकोनांत मोजायचं ठरलं. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा पाव भाग १६० एकरांचा. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि शेतात नांगर फिरतो तसे एक ओळ डावीकडे, पुढची उजवीकडे असे वळत जातात. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला असे. विमानातून मिडवेस्टचे रस्ते वहीच्या चौकटीसारखे दिसतात ते या मोजणीमुळेच.

हे वर्णन अक्षर न अक्षर उतरवून घ्या. पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो.

मालकांची साखळी, उलट दिशेने

आता काउंटीच्या मुख्य गावी जायचं. आयोवा, मिनेसोटा, इंडियाना, ओहायोत खरेदीखतं काउंटी रेकॉर्डरकडे असतात; विस्कॉन्सिन, मिशिगन, नेब्रास्कात त्याच अधिकाऱ्याला रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात. अलीकडचे दस्त बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन दिसतात, जुन्यासाठी मात्र जाडजूड वह्या उघडाव्या लागतात. जाण्याआधी फोन करा. लहान काउंटीचं ऑफिस जेवणाच्या वेळी बंद असू शकतं, आणि वह्यांचं टेबल मालकीहक्क तपासायला रोज येणाऱ्या टायटल कंपनीच्या माणसांनी व्यापलेलं असू शकतं. ऑफिसातल्या कारकून बाईंशी दोन शब्द आपुलकीने बोलून ठेवावेत. कुठली वही कुठल्या कपाटात आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तिथे दोन सूची असतात, एक विकणाऱ्यांच्या नावाची आणि एक घेणाऱ्यांच्या. स्वतःपासून सुरुवात करा. तुम्हाला कुणी विकलं? त्या माणसाचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधा, म्हणजे त्याने कुणाकडून घेतलं ते कळेल. मग त्या आधीच्या मालकाचं नाव त्याच सूचीत. अशा पायऱ्या उतरत मागे जायचं. प्रत्येक दस्ताची तारीख, वहीचा व पानाचा क्रमांक, दोन्ही बाजूंची नावं, रक्कम आणि जमिनीचं वर्णन टिपून घ्यायचं. वर्णन मध्येच बदललं, म्हणजे लॉट तुकड्यांत विकला गेला किंवा दोन लॉट एक झाले, तर तिथे थांबून नकाशा काढा.

साखळी मध्येच तुटतेच. मालक वारला आणि घर मुलांकडे गेलं, तर खरेदीखत नसतं. मग कोर्टातल्या प्रोबेटच्या, म्हणजे मयताच्या मिळकतीच्या वाटपाच्या, फायली बघायच्या. त्या फायलींत काही वेळा मयताच्या घरातल्या सामानाची यादी मिळते: चूल कितीची, ऑर्गन कितीचा, गाई किती. मला या याद्या सर्वांत आवडतात, कारण घर आतून दिसतं ते इथेच. कर थकला असेल तर मालकाच्या सहीऐवजी सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचा दस्त असतो. एल्डनच्या डिबलचंही घर १८९७ साली थकलेल्या करापायी हातातून गेलं. अशा ठिकाणी मालकाच्या नावाने शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

आयोवात घर असेल तर नशीबवान आहात. तिथे 'ॲबस्ट्रॅक्ट' ठेवायची पद्धत अजून चालू आहे. सरकारकडून जमीन मिळाल्यापासूनचे सगळे व्यवहार, गहाणखतं, खटले आणि वारसांची नावं एका बाडात क्रमाने लिहिलेली असतात. विकणाऱ्याकडे तो मागून घ्या. साखळी शोधायचं अर्धं काम आधीच झालेलं असेल.

दस्त नीट वाचा

दस्ताची भाषा रुक्ष असते, पण त्यात बरंच दडलेलं असतं. वॉरंटी डीड म्हणजे विकणारा हक्काची हमी देतो. क्विटक्लेम म्हणजे आपलं हक्कसोडपत्र, आणि ते बहुधा घरातल्या घरात होतं: भाऊ बहिणीला देतो, घटस्फोटानंतर एक जण दुसऱ्याला देतो. 'एक डॉलर आणि इतर मोबदला' असं लिहिलेलं दिसलं की घर एका डॉलरला विकलं असं समजू नका. खरी किंमत दाखवायची नसली की असं लिहीत.

ती लपवलेली किंमत काही काळापुरती शोधता येते. १९३२ ते १९६७ या काळात दस्तांवर केंद्र सरकारचं तिकीट लावावं लागे. सुरुवातीला दर ५०० डॉलरला ५० सेंट आणि १९४० पासून ५५ सेंट. म्हणजे १९५० च्या दस्तावर साडेपाच डॉलरची तिकिटं असतील तर व्यवहार पाच हजारांच्या आसपासचा. फक्त एक सावधगिरी: घेणाऱ्याने जुनं कर्ज आपल्या अंगावर घेतलं असेल तर तेवढी रक्कम तिकिटाच्या हिशोबात येत नसे.

जुन्या दस्तांवर बायकोची सही हमखास असते, कारण नवऱ्याच्या मिळकतीत तिचा विधवा म्हणून हक्क असे आणि विकताना तो सोडावा लागे. याचा शोधाला मोठा उपयोग. १८८४ च्या दस्तावर मेरी आणि १८९१ च्या दस्तावर एमा असेल, तर मधल्या काळात मृत्यू किंवा घटस्फोट झाला. दफनभूमीत बघायला एक नाव मिळालं.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला सरकारी पेटंट असतं. जमीन सरकारकडून पहिल्यांदा खासगी हातात गेली तो हा कागद. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या वेबसाइटवर पेटंटांच्या प्रती फुकट दिसतात. वसणाऱ्याला जवळजवळ फुकट जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण आयोवा-इलिनॉयच्या बऱ्याच भागात जमीन त्याआधीच एकरी सव्वा डॉलरने किंवा सैनिकांना सेवेबद्दल मिळालेल्या जमिनीच्या हक्कपत्रांवर (वॉरंटवर) गेली होती. पेटंट म्हणजेही सुरुवात नव्हे. वापेलो काउंटीला नाव मिळालं ते मेस्क्वाकी प्रमुख वापेलोचं. या काउंटीचा बहुतांश भाग साक आणि मेस्क्वाकी लोकांकडून १८४२ च्या तहाने घेतला गेला आणि १ मे १८४३ ला वसाहतीसाठी खुला झाला. घराचा इतिहास लिहिताना पहिली ओळ 'अमुक साली अमुक गोऱ्या शेतकऱ्याने जमीन घेतली' अशी टाकणं मला अपुरं वाटतं. तहाचं साल त्याच्या आधी यायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांनी तरी वाचायलाच हवी. साधारण १९१० ते १९५० च्या दरम्यान आखलेल्या वस्त्यांच्या दस्तांत अशी अट सापडू शकते की ही जागा गोऱ्यांखेरीज कुणाला विकू किंवा भाड्याने देऊ नये. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता 'गोरा' ठरत नाही असा निकाल दिला होता. म्हणजे ती अट आपल्यालाही लागूच. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर या निकालाने, तोही मिडवेस्टमधल्याच सेंट लुईसच्या एका घरावरून, कोर्टांना अशा अटींची अंमलबजावणी करायला मनाई केली आणि १९६८ च्या कायद्याने अशा भेदभावाला बंदी घातली. कागदावरचे शब्द मात्र तसेच राहिले. मिनेसोटात २०१९ च्या कायद्याने घरमालकाला अशी अट रीतसर रद्द करून घेता येते. सापडली तर झाकू नका. घराच्या इतिहासात ती लिहा.

घर नक्की कधी उभं राहिलं

इथे बहुतेक लोक घसरतात. खरेदीखत जमिनीचं असतं, घराचं नसतं. १८७३ ला लॉट घेतला म्हणून घर १८७३ चं होत नाही. बांधकामाचं साल तीन ठिकाणी शोधा.

एक, किंमत. १८७३ ला ६० डॉलरला गेलेला लॉट १८७९ ला ९०० डॉलरला विकला गेला, तर मधल्या काळात त्यावर काहीतरी उभं राहिलं. दोन, कराच्या वह्या. त्या वर्षावार असल्यामुळे मूल्यांकनाची उडी नेमकी कुठल्या वर्षी आली ते दिसतं. शेजारच्या लॉटांचे आकडेही बघा. सगळ्यांचेच एकदम वाढले असतील तर ती फेरआकारणी आहे. तीन, बोजे. मालकाने बांधकामासाठी काढलेलं कर्ज गहाणखतांच्या वहीत असतं. सुतार किंवा लाकूडवाल्याचे पैसे बुडवले असतील तर त्याने घरावर नोंदवलेला 'मेकॅनिक्स लीन' मिळतो. असा लीन सापडणं म्हणजे लॉटरी लागणं. बांधणाऱ्याचं नाव, तारीख, कधी कधी सामानाची यादी, सगळं एकाच कागदावर.

नकाशे

सॅनबॉर्न कंपनीने आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी सुमारे बारा हजार गावांचे नकाशे काढले, तेही ५० फुटांना एक इंच अशा मोठ्या मापाने. त्यातला मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून ऑनलाइन ठेवला आहे. पिवळं घर लाकडी, गुलाबी विटांचं, निळं दगडी. आत 'डी' हे अक्षर म्हणजे राहतं घर. आकडा म्हणजे मजले. ठिपक्यांची रेघ म्हणजे बहुधा पडवी. एकाच गावाचे १८८६, १८९३, १९०२ असे नकाशे असतील तर शेजारी ठेवून बघा: रिकामा लॉट, मग घर, मग मागचं स्वयंपाकघर, मग तबेल्याचं गॅरेज. लहान गावांत मात्र हे नकाशे बऱ्याचदा बाजारपेठेपुरतेच असतात आणि तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे राहतं.

तसं झालं तर काउंटीचे ॲटलास बघा. अँड्रियासने १८७४ मध्ये मिनेसोटाचा आणि १८७५ मध्ये आयोवाचा मोठा सचित्र ॲटलास काढला. पक्ष्याच्या नजरेने काढलेली गावांची चित्रंही बरीच आहेत, पण चित्रकार गावाच्या खुशीसाठी काढत, त्यामुळे पुरावा म्हणून ती दुय्यम. शेतावरच्या घरासाठी १९३० च्या दशकातली सरकारी हवाई छायाचित्रं फार कामाची. आयोवाची तर आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या नकाशा सर्व्हरवर बसल्या जागी दिसतात.

माणसं

नावं हाती आली की जनगणना. दर दहा वर्षांची ही कागदपत्रं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर खातं काढून फुकट बघता येतात. १८८० पासून रस्ता आणि घर क्रमांकासाठी रकाने आहेत, पण लहान गावांत ते रिकामे असतात. अशा वेळी ओळीने आधीच्या व नंतरच्या कुटुंबांची नावं घ्या आणि तुमच्या शेजारच्या लॉटांच्या मालकांशी ताडून बघा. १९०० पासून घर स्वतःचं की भाड्याचं हे दिसतं, १९३० मध्ये घराची किंमत आणि रेडिओ आहे का हेही विचारलं होतं. मालक आणि राहणारा एकच असेल असं धरून चालू नका. १८९० शोधण्यात वेळ घालवू नका: ते कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत खराब झाले आणि त्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही. ही दरी भरायला राज्यांच्या स्वतःच्या जनगणना आहेत. आयोवाच्या १८८५, १८९५, १९०५, १९१५ आणि १९२५ च्या आहेत, आणि १९१५ च्या कार्डांवर तर माणसाची कमाईसुद्धा सापडते.

जरा मोठ्या गावासाठी पोल्क कंपनीच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांच्या छापील याद्या, बघा. पुढे पुढे त्यांत रस्त्यांप्रमाणे यादी असते, म्हणजे घर क्रमांकावरून राहणारा काढता येतो. आणि गावचं वर्तमानपत्र सोडू नका. 'श्री. अमुक यांच्या नव्या घराचा पाया खणून झाला' अशी एक ओळ दहा दस्तांना भारी पडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर बरीच जुनी पत्रं आहेत. बाकीची गावच्या वाचनालयात मायक्रोफिल्मवर. शोधताना आडनावाची चुकीची स्पेलिंगंही टाका, विशेषतः जर्मन, चेक आणि नॉर्वेजियन नावांची.

आता तळघरात उतरा

कागद संपले की टॉर्च घ्या. आधी इशारा: १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असणारच असं समजून चाला, खरवडू नका. माळ्यावर दाणेदार करडं भरण दिसलं तर हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

तुळयांवर करवतीच्या खुणा बघा. सरळ समांतर रेघा जुन्या उभ्या करवतीच्या, अर्धगोल रेघा गोल करवतीच्या. चौकोनी कापाचे खिळे असतील तर घर बहुधा १८९० च्या आधीचं. गोल तारेचे खिळे त्यानंतर सर्रास झाले. भिंतीचे उभे वासे पायापासून छपरापर्यंत अखंड गेलेले दिसले तर ती बलून फ्रेम. ही पद्धत १८३० च्या दशकात शिकागोच्या बाजूला रुजली आणि तिनेच मिडवेस्ट झपाट्याने वसवला. तिच्या भिंती आतून पोकळ चिमणीसारख्या असतात, आग तळघरातून थेट माळ्यावर जाते. वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनला हे जरूर सांगा. माळ्यावर चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून गेलेल्या वायरी दिसल्या तर ते काम बहुधा १९३० च्या दशकापर्यंतचं. कमोडच्या टाकीच्या झाकणाखाली कधी तारीख छापलेली असते, पण ती न्हाणीघराची तारीख, घराची नव्हे. लाकूड कागदापेक्षा जुनं निघालं तर घर दुसरीकडून ओढून आणलेलं असू शकतं. या भागात घरं हलवणं ही नवलाची गोष्ट नव्हती.

'सियर्सचं घर' असा दावा जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येतो आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. टपालाने माल विकणाऱ्या सियर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून सत्तर हजारांहून जास्त घरं विकली. लाकूड, दारं, खिळे सगळं रेल्वेने यायचं. इलिनॉयच्या कार्लिनव्हिलमध्ये स्टँडर्ड ऑइलने १९१८ मध्ये खाणकामगारांसाठी सुमारे दीडशे घरं एकदम मागवली. पण बे सिटीची अलॅडिन आणि डेव्हनपोर्टची गॉर्डन-व्हॅन टाइन या कंपन्याही तेच विकत होत्या, आणि गावचा सुतार तसंच घर नकलून बांधत होता. पुरावा हवा असेल तर तळघरातल्या वाशांवर छापलेलं अक्षर आणि आकडा शोधा, किंवा गहाणखतात सियर्सच्या वतीने सही करणाऱ्या वॉकर ओ. लुईससारख्या विश्वस्ताचं नाव. एल्डनच्या घराची ती टोकदार गॉथिक खिडकीसुद्धा सियर्सच्या कॅटलॉगमधून आली, अशी एक समजूत सांगतात. घर १८८१-८२ चं. रिचर्ड सियर्सने घड्याळं विकायला सुरुवात केली ती १८८६ मध्ये. दोन तारखा शेजारी मांडल्या की दंतकथा तिथेच संपते. त्याच घराबद्दलची दुसरी समजूत, की चित्रात घरासमोर उभी असलेली दोघं तिथे राहत होती, तीही खोटी. ती वुडची बहीण आणि सीडर रॅपिड्सचा त्याचा दंतवैद्य. प्रत्यक्षात तेव्हा तिथे जोन्स कुटुंब राहत होतं.

लिहून ठेवताना

सापडलेलं सालवार मांडा आणि प्रत्येक ओळीसमोर वही-पान क्रमांक द्या. खात्री नसेल तिथे '१८७६ ते १८७९ च्या दरम्यान' असं लिहा; खोट्या नेमकेपणापेक्षा ते बरं. अजून हयात असलेल्या माजी मालकांची नावं इंटरनेटवर टाकू नका. नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, नोंद करायची असेल तर राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसला आधी विचारा. घर स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करणाऱ्या खासगी मालकावर त्या नोंदीने बंधन येत नाही. बंधनं येतात ती गावाच्या स्थानिक नियमांनी, तेव्हा नगरपालिकेचे नियम वेगळे तपासा. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक काउंटीच्या इतिहास मंडळाला, आणि एक ॲबस्ट्रॅक्टसोबत बांधून ठेवा, म्हणजे घर विकलं तरी ती पुढच्या मालकाच्या हाती जाईल.